डुलाली ताप

परवा माझा नातू मला डुलाली म्हणाला. पुण्यात इंग्रजी शाळेत जातो, तिथं कुठून तरी हा शब्द त्याच्या हाती लागलाय आणि आता दिवसभर तेच चाललेलं असतं. पंखा कुरकुरला की पंखा डुलाली. शेजारचे काका एकच किस्सा दोनदा सांगतात म्हणून ते डुलाली. मी मेथी निवडता निवडता मान जराशी कलती करून थांबले होते, तर म्हणतो, "आजी, अशी काय ऐकत बसतेस? टोटली डुलाली आहेस तू!"

मी त्याच्यावर खेकसले. सुनेला वाटलं, मला अर्थ कळला नाही म्हणून राग आला. तिनं मोबाईलवर शब्दकोश उघडून दाखवला. इंग्रजी बोलीतलं विशेषण. चक्रम, तिरपागडा, थोडा वेडसर. मूळ, देवळाली. मी म्हटलं, माहीत आहे, आणि मेथी घेऊन आत गेले. तिच्या जन्माआधीपासून माहीत आहे. त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते कुठल्या शब्दकोशात लिहिलेलं मला अजून दिसलं नाही.

मला तो शब्द माझ्या सासऱ्यांनी शिकवला. पाथर्डी तालुक्यात, तिसगावपासून दोनेक कोसांवर आमचं गाव. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा नगरला मॅट्रिक झालेली सून म्हणून माझं जरा कौतुक होतं. मामंजींना तर फार. घरात इंग्रजी कळणारं माणूस आलं याचा त्यांना आनंद झाला होता, कारण त्यांच्याजवळ पन्नासेक इंग्रजी शब्द होते आणि ते ऐकवायला कुणी नव्हतं. तरुणपणी ते देवळाली कॅम्पात होते. आपल्या राहुरीजवळची देवळाली नव्हे, नाशिकजवळची, लष्कराची. गोऱ्यांच्या मेसमध्ये भांडी घासायला गेले, बेअरर झाले, आणि पांढरा कोट आणि हिरवी पत्र्याची ट्रंक घेऊन परतले. कोटाची पुढं फडकी झाली. ट्रंक राहिली.

मुदत संपलेले गोरे सोल्जर विलायतेला जाण्याआधी देवळालीला येऊन थांबत. बोटी मुंबईहून हिवाळ्यात सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली, त्यानं महिनोन्‌महिने नुसतं बसायचं. कवायत नाही, पहारा नाही, काही नाही.

"सकाळी उठायचा, दाढी करायचा, बुटाला पालीश करायचा," मामंजी सांगत. "ट्रंक भरायचा न् तिच्यावं बसायचा. बोलाया गेलं तर एकदम शाना. नाव इचारा, गाव इचारा, समदं बराबर. पर मान अशी." आणि ते स्वतःची मान उजव्या खांद्याकडे कलती करून दाखवत. "ऐकत आसायचा. बोटीचा भोंगा. आता देवळालीला कुठला आलाय समिंदर? साहेब लोक म्हनायचे, डुलाली टॅप. टॅप म्हंजी आपला तापच की. आपलाच उचलला त्यांनी."

हे सांगताना घरातले सगळे हसायचे. मामंजी मात्र हसत नसत. ती कलती मान दाखवून झाली की दोन्ही हातांनी ती सरळ करत आणि मगच पुढचं बोलत.

गावानं त्या शब्दाचं वाटेल ते केलं होतं. नांगराच्या तासात मध्येच उभा राहणारा बैल डुलाली. दुपारी बांधावरून गिरक्या घेत जाणारी वावटळ, ते डुलाली वारं. झोपेत हसणारं पोर डुलाली, आणि सासरी निघताना जी रडली नाही ती नवरी तर नक्कीच. मामंजी वैतागायचे. "दारू प्यालेला डुलाली न्हाई, जन्माचं येडं बी न्हाई. ज्यानं ट्रंक भरली न् ज्याची बोट आली न्हाई, त्यो डुलाली. त्या शब्दाशी खेळू नका." पण गाव कुणाचं ऐकतंय?

घरात आम्ही तिघंच असायचो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. माझे यजमान प्रवरेच्या बाजूला साखर कारखान्यात नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. थोरले दीर फौजेत. त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणायचे. उंच, काळीसावळी, हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. मला चुलीपुढं बसवून भाकरी शिकवली ती तिनंच, आणि पहिली करपली तेव्हा मामंजींना सांगितलं की ती तिच्या हातची. तिच्यावर माझा जीव होता, अजून आहे.

एकाहत्तरच्या थंडीत लढाई झाली आणि संपली. मग तार आली. दीर बेपत्ता. मेले असं नाही, आहेत असंही नाही. मामंजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि घडी करून ट्रंकेत ठेवली. आक्का म्हणाली, "बेपत्ता म्हंजी पत्ता लागंल की." आणि भाकऱ्या थापायला बसली.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. आधीचंही वर्ष कोरडंच गेलं होतं. बहात्तरच्या आषाढात विहिरी तळाला लागल्या, गुरं छावणीत गेली, त्यांच्यामागं पाखरंही गेली. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. एके सकाळी वाटलं, आज काय चुकतंय? मग कळलं की कावळा नाही, चिमणी नाही, साळुंकी नाही. गावावर नुसता उजेड पडला होता आणि त्यात आवाज नव्हता. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला धड चव नाही की धड चिकटपणा नाही. पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं भरायचं. दिवसाकाठी माणशी एक कळशी मिळाली तरी नशीब.

आक्का तिच्या वाट्याच्या पाण्यातला एक तांब्या भरून ओट्यावर ठेवायची, वर वाटी झाकून. ते आले की त्यांना पाणी लागेल. संध्याकाळी तो तांब्या ती तुळशीला ओतायची आणि सकाळी नवा भरायची. साऱ्या गावच्या तुळशी वाळून काड्या झाल्या होत्या. आमचीच तेवढी हिरवीगार. बायका येता-जाता तिच्याकडे बघत आणि पाय उचलत. आक्काचे स्वतःचे ओठ फुटले होते. तिचं जेवणही कमी होत गेलं. ताटातली अर्धी भाकरी "त्यांच्यासाठी" टोपल्यात जायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर ती यायची, नेकीनं काम करायची, बोलायची, माझी चेष्टासुद्धा करायची. एकदम शहाणी.

एक दिवस दुपारी आम्ही दोघी ओट्यावर मिलो निवडत होतो. तिचे हात थांबले. मान उजव्या खांद्याकडे गेली.

"आली," ती म्हणाली.

"काय?"

"यष्टी. हारन वाजला न्हाई का?"

यष्टी तिसगावच्या रस्त्यानं जायची, दोन कोस लांबून. तिचा हॉर्न आमच्या ओट्यावर कधीच ऐकू आला नव्हता. मी आत बघितलं. मामंजी दाराच्या आड उभे होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही. पुन्हा कधीच कुणाला गमतीनं म्हणू दिला नाही.

त्यानंतर रोज. मान कलायची, हात थांबायचे, "आली." पुढं पुढं मी नुसतं मान हलवायला लागले. आणि मग एका दुपारी मी एकटीच अंगणात उभी असताना मला हॉर्न ऐकू आला. स्वच्छ, लांबलचक, वळणावर वाजवतात तसा. मी वळून बघितलं तर आक्का घरातून बाहेर येत होती. "आज तू आधी ऐकलास," ती हसून म्हणाली. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मला तिची भीती वाटायला लागली, आणि भीती वाटते म्हणून स्वतःचा संताप यायला लागला.

मी मामंजींना विचारलं, देवळालीला त्या सोल्जरांवर उपाय काय करत? ते बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"येक हुता," ते म्हणाले. "आन्न सोडलं हुतं त्यानं. ट्रंकेवरून उठंना. डाक्टर झाला, पादरी झाला. मग सार्जंट आला न् त्याला म्हनला, बोट गेली. काल गेली, तुला सोडून. तसा त्यो पोरावानी रडला, दिसभर. सांजच्याला जेवाया मागितलं. दुसऱ्या दिशी कामावं."

"खरंच गेली होती बोट?"

"कुनाला ठावं? वाट सुटली, जीव वाचला. त्या पोरीला बी कुनीतरी सांगाया पायजे, धाकटे. नाहीतर ती काय दिवाळी बघत न्हाई."

पण आक्काला कोण सांगणार? भावानं येऊन सांगून पाहिलं, तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. भटजी म्हणाले, बारा वर्षं वाट बघायची असते, त्याआधी क्रिया करता येत नाही. बारा वर्षं! ती बारा आठवडे निघेल की नाही अशी अवस्था होती.

पितृपक्ष लागला. गावात घास टाकायला कावळा नव्हता, पानं सुकून वळकटी व्हायची. त्याच दिवसांत मामंजींनी पिठाचं काढलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या जागी पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून बघायचं. पिठावर काय उमटलं, मुंगी, उंदीर, पाखरू, त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. मामंजी आक्काला म्हणाले, "त्यो सुट्टीवं आला का जिथं झोपायचा तिथं पीठ टाकू. काय उमटलं तर गेला. कोरं ऱ्हायलं तर हाय, मंग मी जन्मात तुला काय बोलनार न्हाई. पर उमटलं तर तू बांगड्या फोडायच्या न् पोटभर जेवायचं. कबूल?"

आक्कानं क्षणाचाही विचार केला नाही. "कबूल. कोरंच ऱ्हातंय बघा." तिला इतकी खात्री होती की पीठ तिनंच दळलं आणि तिनंच चाळलं. लाल मिलोचं पीठ, पाण्यासारखं सपाट पसरलं. टोपलं ठेवताना ती गुणगुणत होती.

उजाडलं तेव्हा शेजारची एक म्हातारी साक्षीला येऊन बसली होती. मामंजी दाराशी उकिडवे. आक्कानं टोपलं उचललं.

पिठाच्या मधोमध पाखराचं पाऊल होतं. पुढं तीन बोटं, मागं एक छोटं. एकच. आलेलं नाही, गेलेलं नाही, नुसतं उमटलेलं.

मग म्हातारी कुजबुजली, "पाखरू? आवो पर गावात पाखरू हाय कुठं?"

"म्हनूनच," मामंजी म्हणाले. "हितलं न्हाईच ते."

आक्का त्या पावलाकडे बघत राहिली. मी तिचं तोंड बघत होते. तिची मान हळूहळू सरळ होत गेली, इतके दिवस ती किती वाकडी होती ते मला तेव्हा दिसलं. मग ती उठली, ओट्यावर गेली, आदल्या संध्याकाळी ओतायचा राहिलेला तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायली. गळ्यावरून पाणी ओघळलं. तांब्या खाली ठेवून ती जी रडायला लागली ती दिवस कलेपर्यंत. बांगड्या तिनं स्वतःच उंबऱ्यावर फोडल्या. संध्याकाळी म्हणाली, "धाकटे, भाकरी दे गं."

ती सकाळ मला आणखी एका गोष्टीसाठी आठवते. रडारड चालू असताना मी मामंजींना चहा दिला. त्यांनी कप धरला तेव्हा उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांत लाल पीठ होतं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. चहा पिऊन झाला आणि हात धोतराला पुसून ते बाहेर गेले. मी गप्प राहिले. त्या संध्याकाळी आक्का जेवली, मला दुसरं काही नको होतं.

आक्का थंडीत माहेरी गेली, जामखेडकडे. भावानं तिला शाळेत घातलं, पुढं बालवाडीत नोकरी लागली. तुळस त्याच आठवड्यात वाळली. तिला पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आणि मग लढाईतले कैदी सुटून परत यायला लागल्याची बातमी रेडिओवर आली. गावात कुणाला विशेष काही वाटलं नाही. आमच्या घरातला निकाल लागून गेला होता, पाखराचं पाऊल साऱ्या गावाला ठाऊक होतं. रेडिओला कान लावून बसले ते फक्त मामंजी. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. हिरवी ट्रंक ओट्यावर आणली, तोंड तिसगावच्या रस्त्याकडे केलं आणि तिच्यावर बसले.

मी आधी समजूत घातली, मग चिडले. "मामंजी, आत चला. लोक काय म्हणतील?"

"काय म्हनत्याल ते ठावं हाय मला. माझाच शब्द हाय त्यो."

"पण तुम्हीच तर..."

"मीच की," ते म्हणाले. त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं माझ्यापुढं धरली. "तिला पाखरू दिसलं, धाकटे. गावाला बी पाखरूच दिसलं. मला माझी बोटं दिसत्यात. मी कसं म्हनू गेला म्हनून?"

दीर आले नाहीत. त्यांची काही खबरही कधी आली नाही. मामंजी दोन पावसाळे त्या ट्रंकेवर बसले. जेवायचे, बोलायचे, एकदम शहाणे. यजमानांनी नगरला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. शेवटी शेवटी मामंजी मला म्हणाले, "थोरलीला कळता कामा नये. तेवढं संबाळ." मी हो म्हटलं. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात ते गेले, ट्रंकेवर बसल्या बसल्या, मान उजव्या खांद्यावर.

आक्का आली. अंगानं भरली होती, पुन्हा पूर्वीसारखी मोठ्यानं हसत होती, सासऱ्यासाठी धाय मोकलून रडलीही. रात्री तिनंच पीठ चाळलं. या वेळी बाजरीचं. टोपलं घालताना म्हणाली, "त्यांच्यावानी मामाचं बी काय उमटतंय बघू."

पहाटे फटफटताना मला जाग आली. बाहेर चिमण्यांचा नुसता कलकलाट. पाऊस चांगला झाला होता, आढ्याला घरटी होती, भिंतीवर मुंग्यांची रांग होती. मी जाऊन टोपलं उचललं. पीठ कोरं होतं.

मी तशीच बसून राहिले. इतकी पाखरं, इतके किडेमुंग्या घरात, आणि डोळ्यांदेखत जाळलेल्या माणसाचं पीठ कोरं. आक्का मूर्ख नव्हती. ती हे कोरं पीठ बघेल, मग तिला ते दुष्काळातलं पाऊल आठवेल, आणि पाखरू नसलेल्या गावात ते कुठून आलं होतं हा प्रश्न तिला पडेल. मग तिची मान पुन्हा कलेल. आतल्या खोलीत तिची हालचाल ऐकू आली. मी तीन बोटं पिठावर टेकवली, मागं अंगठ्याचं टोक, आणि टोपलं ठेवून चुलीपाशी गेले.

"पाखरूच गं," थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "बापलेक येकाच वाटंनं गेले बघ." ती डोळे पुसत आली आणि माझ्या शेजारी बसून चहा प्यायली. मी हात पदराखाली धरले होते.

मामंजींना आम्हीच जाळलं, मी स्वतः पाहिलं. तरी ते कुठं गेले ते मला माहीत नाही. दीर कुठं गेले तेही नाही. बाकी सगळ्यांना माहीत आहे.

आक्का अजून आहे, जामखेडला. दर पंधरा दिवसांनी फोन करते, बालवाडीतल्या पोरांचे जुनेच किस्से सांगते आणि त्यावर स्वतःच खळखळून हसते. तो आवाज ऐकला की वाटतं, केलं ते बरं केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. मग ती फोन ठेवते, घर गप्प होतं, आणि माझी मान आपोआप उजवीकडे जाते.